डॉक्टरकीच्या अर्जात विनोद चालतो का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलसाठी अर्ज करणार आहे. तिने पर्सनल स्टेटमेंट लिहिलंय. वाचताना मला हसू आलं आणि वाचून झाल्यावर धडकी भरली. चार ठिकाणी विनोद! तिचे बाबा म्हणतात, ‘डॉक्टरकीच्या अर्जात हा पांचटपणा कशाला? आपल्याकडे नीटचे मार्क बघतात, निबंध कोण मागतो?’ लेक म्हणते, ‘मी अशीच बोलते. सगळं गंभीर लिहिलं तर ते माझं वाटणार नाही.’ निबंध सोबत पाठवतेय. विनोद ठेवावेत की काढावेत?

उत्तर : ताई, नमस्कार.

निबंध वाचला. मुलगी गोड आहे, लिहितेही छान. चारपैकी एक विनोद जसाच्या तसा राहू द्या, एक छाटा आणि दोन काढून टाका.

आधी बाबांच्या मुद्द्याबद्दल. नीटमध्ये ७२० पैकी किती मिळाले यावर सगळं ठरतं, पोर हसरं आहे की रडकं याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. अमेरिकेत जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) यांची चाळणी लागतेच. पण दरवर्षी ५० हजारांहून जास्त मुलं एमडीच्या (तिकडे डॉक्टरकीची पहिली पदवी हीच) जेमतेम २३ हजार जागांसाठी अर्ज करतात आणि त्यातल्या कितीतरी जणांचे मार्क सारखेच असतात. त्या गर्दीतून इंटरव्ह्यूला कोणाला बोलवायचं हे ठरवताना निबंध, कामाचा अनुभव आणि शिफारसपत्रं बघतात. ॲमकास म्हणजे अनेक मेडिकल कॉलेजांसाठी एकच अर्ज घेणारी सेवा. तिच्या सामाईक अर्जात या निबंधाला ५,३०० कॅरेक्टर्स मिळतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. तोच निबंध ॲमकासमधून निवडलेल्या प्रत्येक कॉलेजला जातो. एखाद्या कॉलेजचं वातावरण मोकळंढाकळं आहे म्हणून तिथे विनोदी आणि दुसरीकडे सोवळा निबंध पाठवू, अशी सोय नाही.

वाचणारे बहुतेक प्राध्यापक आणि प्रॅक्टिस करणारे डॉक्टर असतात, काही कॉलेजांत मेडिकलचे विद्यार्थीही. दिवसभर पेशंट बघून रात्री लॅपटॉपवर एकामागून एक फायली उघडणारी माणसं. त्यांना विनोदाचं वावडं नसतं. डॉक्टर मंडळी आपापसांत जे बोलतात ते तुम्ही ऐकलंत तर कानांवर हात ठेवाल! पण ती थट्टा आतल्या लोकांची, थकव्यातून आलेली. अजून दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीने तिची नक्कल केली की ती आगाऊ दिसते.

आता एकेक विनोद घेऊ.

पहिला, अगदी सुरुवातीचा. ‘लहानपणापासून मला डॉक्टरच व्हायचं होतं असं मी लिहिणार नाही, कारण लहानपणी मला आइस्क्रीमचा ट्रक चालवायचा होता.’ वाक्य झकास आहे. पण पुढे ट्रकचं गाणं, त्याचा रंग, आवडता फ्लेवर यांतच जवळपास ६०० कॅरेक्टर्स गेलेत, म्हणजे नवव्या हिश्श्याहून जास्त जागा. ज्या फर्स्ट एड स्क्वाडवर ती दोन वर्षं ईएमटी (अँब्युलन्सवर तातडीचे उपचार देणारी प्रशिक्षित कर्मचारी) म्हणून काम करतेय, त्याचं नाव वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी कळतं. ट्रकचं एक वाक्य ठेवा आणि लगेच अँब्युलन्समध्ये या. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत, हा सांधा आयताच जुळतोय आणि तो तिच्या लक्षातच आलेला नाही.

दुसरा विनोद तुमच्यावर आहे. ‘मी जन्मले तेव्हा आईने बर्थ सर्टिफिकेटवर नावामागे डॉक्टर लिहायला सांगितलं.’ तुम्ही मनाला लावून घेतलं नाहीत हे पत्रावरून दिसतंच. तरीही माझ्या मते चारांतला सर्वांत घातक विनोद हाच. एक तर भारतीय आईबाप म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, हे वाचणाऱ्याने इतक्यांदा वाचलेलं असतं की त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही. खरी अडचण पुढची. प्रत्येक अर्ज वाचताना कमिटीच्या मनात एक प्रश्न असतोच : हे या मुलीने स्वतः ठरवलंय की घरच्यांनी? आपल्या मुलांच्या बाबतीत तो जरा जास्तच डोकावतो, हे आपण एकमेकांत तरी कबूल करू. तिच्या अर्जात या प्रश्नाचं भक्कम उत्तर आहे, शनिवार-रविवारच्या रात्रपाळ्या काही आईने करून दिलेल्या नाहीत. मग हसता हसता स्वतःच्याच हाताने शंकेला जागा का करून द्यायची? हे वाक्य पूर्ण जाऊ द्या.

तिसरा ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर. सी ग्रेड मिळाला, त्यावर तिने ‘आमचं जमलं नाही, पण आम्ही मित्र म्हणून वेगळे झालो’ असं लिहिलंय. मैत्रिणींत हशा पिकेल. पण तो सी ट्रान्स्क्रिप्टवर ढळढळीत दिसतोय आणि पुढच्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्रीत मिळालेला ए सुद्धा. मार्कांवर विनोद केला की मूळ प्रश्नाला बगल दिल्यासारखं वाटतं. सांगायचंच असेल तर सरळ दोन वाक्यांत सांगावं, त्या वर्षी काय चुकलं आणि पुढे अभ्यासात काय बदललं. नाहीतर उल्लेखच नको, ए बोलका आहे. (कॉलेजने शिस्तीची कारवाई केली असेल तर त्यासाठी अर्जात वेगळा रकाना असतो. तुमच्याकडे तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते : तिथे गंमत करण्याचा विचारही मनात आणू नका.)

चौथा मात्र हिरा आहे. ईएमटीची पहिली शिफ्ट, एका आजोबांचं ब्लडप्रेशर घ्यायचंय, हिचे हात थरथरताहेत. आजोबा शांतपणे म्हणतात, ‘बाळा, पट्टा उलटा लावलायस. मी रोज लावतो, आण इकडे.’ आणि ते स्वतःच तिला शिकवतात. इथे शहाणे ठरतात पेशंट, फजिती होते तिची. हशाही आजोबांनीच मिळवलाय. आपण चुकतो, पेशंट आपल्याला शिकवतो आणि ते आपल्याला झोंबत नाही, हे सांगायला मुलं ‘विनम्रता’, ‘सहवेदना’ असले जड शब्द पानभर पेरतात. हिचं चार ओळींत झालं. पण त्यानंतर तिने ‘यातून मी नम्रपणा शिकले’ असं लिहून ठेवलंय, ती ओळ खोडा. त्याऐवजी, तेव्हापासून पेशंटला हात लावण्याआधी ती काय विचारते किंवा काय वेगळं करते, ते येऊ द्या. आजोबांचं गाव, आजार, नेमकं वय यातलं काही नको. पेशंटची ओळख पटेल असा तपशील दिसला की वाचणारा डॉक्टर तिथेच भुवया उंचावतो.

एक व्यवहारातली गोष्ट. अर्जातली ही चौकट साध्या मजकुराची आहे. तिरपी अक्षरं, ठळक अक्षरं यांतलं काही टिकत नाही आणि इमोजीचा तर प्रश्नच नको. तिने दोन ठिकाणी तिरप्या अक्षरांवर भिस्त ठेवून उपहास साधलाय. तो तिथे कोरडा पडेल आणि कदाचित खराही मानला जाईल.

आणि पारख घरात करू नका. तुम्ही वाचता तेव्हा तुमच्या कानात तिचा आवाज असतो, म्हणून तुम्हाला सगळंच गोड लागतं. तिला कधीही न भेटलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचायला द्या. विनोद आवडला का, असं विचारलंत तर कुणीही हो म्हणेल. ‘ही मुलगी कशी वाटली?’ एवढंच विचारा. ‘हुशार आहे, पण जरा...’ असं म्हणून ते थांबले, तर विनोद जास्त झालाय.

शिवाय तिची विनोदबुद्धी दाखवायला हा निबंध ही एकच जागा थोडीच आहे? मंडळाच्या गणेशोत्सवात ती दरवर्षी स्किट लिहिते आणि बसवते असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते अर्जात कुठेच नाही! कामं आणि उपक्रमांच्या यादीत १५ नोंदी करता येतात, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स. तिथे लिहा : शाळकरी पोरांपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळ्यांना घेऊन, दोन भाषांत, महिनाभर तालमी. हा झाला पुरावा. इंटरव्ह्यूला कोणीतरी नक्की विचारेल आणि तिथे समोरचा हसतोय की नाही हे तिला बघताही येईल.

फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो, महिनाअखेरीपासून सबमिट करता येतो. एकदा सबमिट केला की निबंधातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. तेव्हा बाबांची आणि लेकीची जी काही जुंपायची आहे ती एप्रिलमध्येच जुंपू द्या आणि त्यातून जो खर्डा वाचेल तो मला पाठवा.