नागपुरात दारू सोडण्यासाठी ए.ए.ची आपल्याला मानवेल अशी मीटिंग कशी शोधावी?

तुम्ही लिहिले आहे, की तुम्ही हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीत काम करता, एका रविवारी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजेच ए.ए. या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला जाऊन आलात, तिथे बहुतेक जण हिंदीत बोलत होते, शेवटी झालेली प्रार्थना बौद्ध म्हणून तुम्हाला खटकली आणि पुन्हा जावेसे वाटले नाही. मी नागपूरचाच आणि ए.ए.चा सदस्य आहे. माझे मत असे, की मीटिंग त्या तासाभरातल्या बोलण्यावरून निवडू नये. ती कोणत्या वेळी भरते आणि संपल्यावरच्या दहा-पंधरा मिनिटांत तिथे काय घडते, यावरून निवडावी.

त्याआधी प्रकृतीविषयी एक सूचना. तुम्ही रोज भरपूर पीत असाल आणि सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करून थेट मीटिंगला जाऊ नका. दारू अचानक थांबवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावरही बेतू शकते. आधी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात दाखवा. रात्री-अपरात्री बोलायचे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करण्यास सांगण्याचा अधिकार ए.ए.च्या कोणत्याही सदस्याला नाही, मग तो कितीही जुना असो.

आता वेळेविषयी. तलफ सहसा ठरलेल्या वेळी येते, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती वेळ म्हणजे बहुधा सुट्टी झाल्यापासून घरी पोहोचेपर्यंतची असते. त्यामुळे रविवारची सर्वांत चांगली मीटिंगही तुमच्या मंगळवारच्या संध्याकाळी उपयोगी पडत नाही. फोनवर चौकशी करताना ‘तुमचा ग्रुप कोणत्या वारी आणि किती वाजता बसतो’ हे आधी विचारा, पत्ता नंतर. पाळी बदलत असेल, तर एकाऐवजी दोन ग्रुप धरून ठेवा. मीटिंग गावात असेल, तर लोकमान्य नगरहून मेट्रोने या. सीताबर्डीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही आणि पुढे ऑरेंज मार्गिका तिथेच मिळते. मोटारसायकलने निघालात, तर वाटेतला प्रत्येक बार तुमच्या ओळखीचा असणार.

संपल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे मी अधिक महत्त्वाची मानतो. खुर्च्या एकावर एक रचल्या जात असतात, कोणी चहाचे कप गोळा करत असतो, आणि त्या गडबडीत एखादा जुना सदस्य नवख्या माणसाजवळ येऊन स्वतःचा नंबर लिहून देतो व सांगतो, ‘प्यावेसे वाटले तर फोन करा, पण पिण्याच्या आधी करा.’ ज्या ग्रुपमध्ये हे घडते, तो तुमच्या कामाचा. जिथे शेअरिंग, म्हणजे सदस्यांनी सांगितलेले स्वतःचे अनुभव, ऐकून अंगावर काटा येतो, पण पाचच मिनिटांत सगळे गाड्यांना किक मारून निघून जातात, तिथे तुम्ही एकटेच घरी परतणार. प्रत्येक ग्रुप आपला कारभार स्वतंत्रपणे चालवत असल्यामुळे एका ग्रुपवरून सगळ्या ए.ए.विषयी मत बनवता येत नाही; निदान तीन-चार ग्रुपमध्ये बसून पाहा, आणि जो बरा वाटेल त्यात पाच-सहा वेळा गेल्यावरच ठरवा.

हिंदीची अडचण फार मनावर घेऊ नका. आपल्या नागपुरात माणूस एका वाक्यात तीनदा भाषा बदलतो, मीटिंगमध्येही तेच चालते; तुम्ही खुशाल मराठीत किंवा वऱ्हाडीत बोला.

देवाविषयीचा तुमचा आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो गिळून बसण्याची गरज नाही. ए.ए.ची सुरुवात 1935 साली अमेरिकेत झाली आणि तिच्या बारा पायऱ्यांवर, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या कार्यक्रमावर, तिथल्या ख्रिस्ती वातावरणाची छाप आहे; परंतु त्या पायऱ्यांतही देव ज्याला जसा उमजला तसा, अशी मोकळीक ठेवलेली आहे. ग्रुप कसे चालावेत हे सांगणाऱ्या ए.ए.च्या परंपरांपैकी तिसरीनुसार सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. अनेक जण देवाच्या जागी ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. नशा न करण्याचे पाचवे शील तुम्ही लहानपणापासून म्हणत आला असाल, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञाही आहे. मीटिंगमध्ये येऊन तुम्ही तीच पाळत आहात, असे समजण्यास कोणाची हरकत नसावी. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले तरी चालते.

ओळखीचे कोणी भेटेल ही भीती असेल, तर क्लोज्ड मीटिंगची चौकशी करा. तिथे दारू सोडू इच्छिणारेच बसतात, ओपन मीटिंगला मात्र नातेवाईक किंवा इतर कोणीही येऊ शकतात. फी कुठेही नसते. खर्चासाठी सदस्यांमध्ये थैली फिरते, नवख्याने तीत काही टाकलेच पाहिजे असे नाही. कोणी ए.ए.च्या नावाने भरतीचे पैसे मागितले, तर ते ए.ए. नव्हे, कारण ए.ए. स्वतःची व्यसनमुक्ती केंद्रे चालवत नाही. (‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींविषयी न बोललेलेच बरे.)

पत्नी सोबत येण्याचा आग्रह धरते, असेही तुम्ही लिहिले आहे. ओपन मीटिंगला त्यांना अवश्य आणा, परंतु कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे, तिथे त्यांना स्वतःविषयी बोलता येईल. दोघांच्या मीटिंगा एकाच संध्याकाळी जुळल्या तर उत्तम. मात्र तिकडे काय सांगितले, हे घरी आल्यावर एकमेकांना विचारू नका.