वाचक विचारतात: पोरगं म्हणतंय रेसर व्हायचंय, काय करू?

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सुट्टी आली की कार्टिंगला (छोट्या उघड्या रेस गाड्या चालवायला) नेलंच पाहिजे असा हट्ट असतो, आणि ट्रॅकवाले पण म्हणतात की पोरगं फास्ट आहे. आता जेहान दारूवालासारखा रेसर होणार म्हणतोय. जेहान एवढं चांगलं चालवायचा तरी फॉर्म्युला वनला का नाही पोचला? आणि खर्च किती येतो ते आडपडदा न ठेवता सांगा. (एक वडील, इचलकरंजी)

दादा, आधी जेहानचं बघू, कारण तुमच्या बाकी प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत. मुंबईचा मुलगा. २०११ मध्ये फॉर्म्युला वनच्या (एफ वन) फोर्स इंडिया टीमने 'वन फ्रॉम अ बिलियन' म्हणून देशभर ड्रायव्हर शोधले होते, त्यात निवडलेल्या तिघांतला हा एक. मग युरोपात कार्टिंग, फॉर्म्युला रेनो, पुढे युरोपियन एफ थ्री (एफ फोर, एफ थ्री, एफ टू या एफ वनखालच्या चढत्या पायऱ्या), २०१७ ला जर्मनीत नोरिसरिंगला रेस जिंकला, आणि २०१९ ला एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) एफ थ्रीमध्ये प्रेमा टीमकडून अख्ख्या सीझनमध्ये तिसरा आला. पहिले तिघंही प्रेमाचेच होते, रॉबर्ट श्वार्ट्झमन, मार्कस आर्मस्ट्राँग आणि आपला जेहान.

आता गंमत बघा. या तिघांतल्या एकालाही एफ वनची रेस सीट, म्हणजे रेसला गाडी चालवायची जागा, मिळाली नाही. श्वार्ट्झमन आणि आर्मस्ट्राँग शेवटी अमेरिकेत इंडीकार या तिथल्या रेस मालिकेत गेले. आणि त्याच सीझनला नववा आलेला युकी त्सुनोदा आणि अकरावा आलेला लियाम लॉसन, हे दोघं एफ वनला पोचले! त्यामुळे नुसता पॉइंट टेबल बघून कुणाचं पुढे काय होईल ते या धंद्यात सांगता येत नाही.

झालं काय, २०२० ला जेहान आणि त्सुनोदा दोघंही रेड बुल या एफ वन टीमचे ज्युनियर ड्रायव्हर होते आणि दोघंही एफ टूमध्ये कार्लिन टीमलाच, म्हणजे गाडी तीच, गॅरेज तेच. एफ टूमध्ये शुक्रवारी फक्त ४५ मिनिटांची प्रॅक्टिस मिळते आणि मग थेट अर्ध्या तासाची क्वालिफाइंग (रेस कुणी कितव्या जागेवरून सुरू करायची ते त्यात ठरतं), त्यात सॉफ्ट टायर खरा चालतो एखादाच लॅप (ट्रॅकची एक फेरी), तो लॅप जुळला नाही की दोन-तीन दशांश सेकंदात तुम्ही चौथ्याचे बारावे होता आणि मग रविवारी गर्दीत अडकून टायर घासत बसायचं. हे तंत्र त्सुनोदाला पहिल्याच वर्षी जमलं, तो सीझनला तिसरा आला. एफ वनला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी ४० पॉइंट हवेत आणि एफ टूमध्ये पहिल्या तिघांना ते एका फटक्यात मिळतात. शिवाय त्याच्या मागे रेड बुलसोबत त्यांना इंजिन देणारी होंडा पण उभी होती, हे विसरून चालणार नाही. जेहान बारावा. तरी शेवटच्या रेसला, ६ डिसेंबरला, बहारीनच्या साखीरला त्याने जिंकून दाखवलं, एफ टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय, आणि त्याच्या मागे दुसरा कोण तर त्सुनोदाच. पण दहा दिवसांनी अल्फाटॉरीने, म्हणजे रेड बुलच्याच दुसऱ्या एफ वन टीमने, नाव जाहीर केलं ते त्सुनोदाचं.

पुढची दोन वर्षं जेहान सातवा, सातवा. २०२२ ला मॅकलॅरन या एफ वन टीमने टेस्टला गाडी दिली, पण सीट कुणीच दिली नाही. माझं मत विचाराल तर टॅलेंट कमी पडलं असं मी म्हणणार नाही, एफ टूच्या पहिल्या वर्षी जो धडाका लागतो तो लागला नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तुम्ही कितीही सुधारलात तरी टीमवाल्यांची नजर तोवर नव्या पोरावर गेलेली असते. २०२४ ला तो मासेराटीकडून फॉर्म्युला ई (इलेक्ट्रिक गाड्यांची रेस मालिका) खेळला, तिथे टीम ड्रायव्हरला पगार देते. म्हणजे प्रोफेशनल रेसर तो झालाच की.

आता खर्च. इथे नमनालाच घडाभर तेल लागतं. आपल्याकडे नॅशनल कार्टिंग नीट करायचं तर वर्षाला काही लाख धरा, टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास सगळं धरून. युरोपात एफ फोरचा एक सीझन म्हणजे काही कोटी, एफ थ्री दहा कोटींच्या वर, आणि एफ टूला साधारण २५ ते ३० कोटी. दर वर्षी हां, एकदाच नाही! हे पैसे ड्रायव्हरने आणायचे असतात, घरून नाहीतर स्पॉन्सरकडून. आणि एवढं करून वर एफ वनच्या सीट किती, तर २०२६ पासून कॅडिलॅक ही नवी टीम आली म्हणून २२, त्याआधी २० च होत्या.

तरी मुलाला बंद करू नका. कोल्हापूर तुमच्या बाजूलाच आहे, तिथे मोहितेंच्या ट्रॅकवर नॅशनल कार्टिंगच्या राउंड झालेल्या आहेत, कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ थ्रीपर्यंत जाऊन आलाय. लगेच स्वतःचा कार्ट विकत घेऊ नका, एखाद्या टीमकडून भाड्याने चालवू द्या. भाड्याच्या मनोरंजनवाल्या कार्टवर फास्ट असणं वेगळं आणि रोटॅक्स इंजिनच्या रेस कार्टवर वीस पोरांच्या घोळक्यात पहिल्या कॉर्नरला शिरणं वेगळं. लॅप टाइमची वही घाला आणि त्याच दिवशीच्या त्याच क्लासमधल्या सगळ्यात फास्ट पोराशी तुलना करा, ट्रॅकवाल्यांच्या कौतुकाशी नको. सिंगल सीटरचा (एकाच सीटच्या रेस गाडीचा) एफ फोर पंधराव्या वर्षाआधी चालवताच येत नाही, त्यामुळे तुमच्याकडे अजून वेळ आहे. आणि एफ फोर आता भारतातही होतं, २०२३ पासून, ते युरोपपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

प्रश्न: नारायण कार्तिकेयनला एफ वनमध्ये पॉइंट मिळाले ते निव्वळ नशिबाने, असं मित्र म्हणतो. पैज लागलीय. (कॉलेजवाला, नाशिक)

पैज अर्धी-अर्धी वाटून घ्या. १९ जून २००५, इंडियानापोलिस. शुक्रवारी राल्फ शूमाकरचा टायर बँकिंगच्या (तिरप्या उताराच्या) टर्न १३ ला फाटला, मिशेलिनचे टायर तिथे टिकणार नाहीत हे कळलं, आणि रविवारी रेसआधीची फेरी (फॉर्मेशन लॅप) झाल्यावर मिशेलिनवाल्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये (गॅरेजकडे) वळल्या. ग्रिडवर (रेस सुरू होते त्या रांगेत) उरल्या फक्त सहा, फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डीच्या. नारायण जॉर्डनमध्ये, चौथा आला, ५ पॉइंट. एफ वनमध्ये पॉइंट मिळवणारा आजवरचा एकमेव भारतीय.

पण मित्राला एवढं विचार की त्या सहात तो होता कसा? वडील रॅली ड्रायव्हर, पोरगं फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलला जाऊन आलेलं, १९९६ ला फॉर्म्युला एशियाचा चॅम्पियन, मग ब्रिटिश एफ थ्री, जपानमध्ये फॉर्म्युला निप्पॉन, २००१ ला जॅग्वारच्या एफ वन गाडीची टेस्ट, आणि एवढं सगळं करून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सीट. त्यात मला सगळ्यात भारी वाटतं ते एफ वननंतरचं. बहुतेक लोक तिथे संपतात, हा जपानला परत गेला, २०१४ ते २०१८ सुपर फॉर्म्युला चालवली, म्हणजे चाळिशी ओलांडून सिंगल सीटर! आणि २०१९ ला फुजीला जपानची सुपर जीटी आणि जर्मनीची डीटीएम या दोन मालिकांची एकत्र रेस झाली त्यात जिंकला पण. त्याबद्दल आपल्याकडे ओळभर बातमी येत नाही आणि इंडियानापोलिसवरून मात्र कट्ट्यावर तासभर वाद.

प्रश्न: गाडी इंजिन पळवतं, ड्रायव्हर बसलेला असतो. मग त्याला अॅथलीट का म्हणायचं? (आजोबा, सातारा)

आजोबा, एफ टूच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसतं. ताशी अडीचशेच्या आसपास कॉर्नरमध्ये स्टिअरिंग हाताने ओढून धरायचं, तेही पाऊण-एक तास. एफ वनमध्ये ब्रेक दाबताना पाचपट गुरुत्वाचा झटका बसतो, हेल्मेटसकट डोकं मानेने सावरायचं, ब्रेक पेडलवर शंभर किलोच्या वर जोर लावायचा, आणि सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी रेस संपेपर्यंत घामाने दोन-तीन किलो वजन उतरतं. म्हणून ही पोरं मानेचा वेगळा व्यायाम करतात, डोक्याला पट्टा बांधून कोच बाजूने खेचत असतो. एकदा नातवाला घेऊन कार्टवर दहा मिनिटं चालवून बघा, दुसऱ्या दिवशी बरगड्या सांगतील.

प्रश्न: मुलींसाठी काही रस्ता आहे का? मी सतरा वर्षांची, कार्टिंग करते. (एक वाचक, पुणे)

आहे ताई. २०२३ पासून एफ वन अकॅडमी सुरू आहे, फक्त मुलींची, एफ फोरच्या गाड्या, आणि एफ वनच्या टीम स्वतः एकेका ड्रायव्हरला पाठिंबा देतात, त्यामुळे घरच्यांवरचा बोजा बराच हलका होतो. एफ वनमध्ये पॉइंट मिळवलेली बाई आजवर एकच, इटलीची लेला लोम्बार्डी, १९७५ ला स्पेनमध्ये, तेही अर्धा पॉइंट कारण रेस अर्ध्यात थांबली होती. तुझ्या वयाला आधी भारतातला एफ फोर बघ, टेस्ट डेची चौकशी कर, आणि तिथले लॅप टाइम हातात असले तरच बाहेरच्या टीमला ईमेल टाक, नुसते इन्स्टाचे रील पाठवू नकोस, ते कुणी उघडून बघत नाही.