येरवड्यात नोंद नाही? मग आधी येरवडा सोडा

'पणजोबांच्या भावाला येरवड्यात फाशी झाली असं घरात सांगतात, तुरुंग मात्र नोंद नाही म्हणतो.' तुमचं हे वाक्य वाचलं आणि आमच्या आजोबांच्या फाशीची नोंद शोधण्यात गेलेली माझीच ती दोन वर्षं आठवली.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते तुम्हाला ठाऊक असेलच. माझी घोडचूक वेगळी होती. घरातला 'येरवडा' मी पुरावा मानून बसलो. चापेकर बंधू, १९३१ चे सोलापूरचे चार हुतात्मे, १९८३ मध्ये जोशी-अभ्यंकर खून खटल्यातले चौघे, २०१२ मध्ये कसाब, सगळे तिथेच फासावर गेले. म्हणून कुणाच्याही घरातली फाशी आपसूक येरवड्याला जाऊन चिकटते. पण इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये फाशी दिली ती ठाण्यात. कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या नाशकात, पण कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले १९ एप्रिल १९१० रोजी, तेही ठाण्याच्याच तुरुंगात. आमचे आजोबाही शेवटी ठाण्यालाच सापडले.

तोवर एका कार्यालयाने (नाव घेत नाही) मला नुसतं झुलवलं. चौथ्या खेपेला कारकुनाने जुने कागद बांधलेल्या रुमालाची गाठही न सोडता वरची धूळ झटकली आणि म्हणाला, "ह्यात नसणार. आणि एवढ्या जुन्या माणसाचं आता करायचंय काय?" अहो, माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(३) सांगतं. मला फक्त 'उपलब्ध नाही' एवढंच लेखी मिळालं. अजून डोकं फिरतं.

माझं ऐकाल तर तुरुंगामागे लागूच नका, खटल्यामागे लागा. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, त्यामुळे मुंबईत कागद असण्याची शक्यता जास्त. मग पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपतात तिथे) न्याय खात्याची जुनी बाडं चाळा. नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी बघा; आमचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मी वकील नाही, आणि खटला खास न्यायाधिकरणापुढे चालला असेल तर ही वाट वेगळी.

आणखी एक. निकालाची तारीख फाशीची समजू नका. आमची आजी इतकी वर्षं धरायची ती तिथी निकालाचीच निघाली.

गुन्हा कुठल्या जिल्ह्यातला, तेवढं लिहा.