आधी कॅल्शियम मोज

चि. मुली,

काल कॉलेज रोडवर चहा पिता पिता तू मोबाइलमधले तुझ्या प्रयोगातल्या पेशींचे फोटो दाखवलेस आणि विचारलंस, "सर, विषयच बदलू का?" मी गप्प बसलो, कारण चिडलो होतो.

पहिल्या दिवशी केराटिनोसाइट, म्हणजे कातडीच्या पेशी, सुट्या, मध्ये चकाकत्या फटी. तिसऱ्या दिवशी फटी गायब, पेशी चपट्या, एकीची कड दुसरीत विरलेली. तू म्हणालीस, बिघडल्या. अगं, बिघडल्या नाहीत, वयात आल्या! कॅल्शियम मिळालं की कॅडहेरिनं, म्हणजे पेशींना जोडणारी प्रथिनं, एकमेकांत गुंततात आणि पेशी विभागणं सोडून पक्व व्हायला लागतात. हेनिंग्ज, युस्पा वगैरे संशोधकांनी १९८० मध्येच दाखवलंय: कॅल्शियमचं प्रमाण ०.१ मिलिमोलरच्या खाली असेल तर उंदराच्या कातडीच्या पेशी वाढत राहतात, १.२ ला नेल्या की पालटतात. आपल्या कातडीतही तळाला कॅल्शियम कमी, वर कणमय थरात सर्वांत जास्त. तिथं ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर (एन्झाइम) त्याच्याच जोरावर प्रथिनांना टाके घालतं, कवच तयार होतं.

तुझ्या माध्यमाच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, बाटलीवर 'कॅल्शियमविरहित' लिहिलंय, मान्य. आणि त्यात घालतेस ते सीरम, रक्तातला तो पातळ द्रव? वासराच्या सीरममध्ये साधारण ३ मिलिमोलर कॅल्शियम असतं. १० टक्के घातलंस की ०.३ झालंच. कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या चिलेक्स रेझिनमधून सीरम काढलं होतंस का? नाही ना? आणि निघालीस रिसेप्टरची (पेशीवरच्या संदेश झेलणाऱ्या प्रथिनाची) महागडी अँटीबॉडी मागवायला. आधी कॅल्शियम मोज.

मी दोन वर्षं मोजलं नाही. एका पोराला "तुझा हातच खराब" म्हणून प्रयोगशाळेतून काढलं. मागाहून कळलं, सीरमचा लॉट बदलला होता. तो आता पिंपळगावला द्राक्षबाग करतो, कॅल्शियमची फवारणी माप बघून करतो. भेटला की हसतो, मीच नजर चुकवतो. तेव्हा सोयी नव्हत्या, असं मी सगळ्यांना सांगत आलो. सीरमच्या बाटलीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागे, त्यातलं मोजण्यात कोण घालवणार? हे खरंच आहे. पण कॅल्शियम मोजायचं यंत्र, फ्लेम फोटोमीटर, शेजारच्याच खोलीत होता, कापड टाकून ठेवलेला. चमचाभर सीरम पुरलं असतं.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलीस तरी: कॅल्शियम मोज. माध्यमातलं वेगळं, सीरममधलं वेगळं, मिसळल्यावरचं वेगळं. पेशी किती पेरल्यास तेही लिही, दाटी झाली तरी त्या पक्व होतात.

विषयाचं नंतर बघू. रविवारी घरी ये, काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे. वहीत तिन्ही आकडे नसतील तर मात्र फक्त खिचडी मिळेल.

तुझा,
सर