नवी पिढी येतेय म्हणून आज कन्सोल घ्यायचं थांबायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत, घर पुण्यात कोथरूडला, कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी, बजेट साठ हजारांच्या आत. त्याचे मित्र म्हणतात थांब, सोनीचा प्लेस्टेशन ६ आणि मायक्रोसॉफ्टचा नवा एक्सबॉक्स येतोय. भाचा म्हणतो एक्सबॉक्स सिरीज एस घ्या, स्वस्त पडेल. आणि तपकीर गल्लीत एका दुकानदाराने निन्टेन्डो स्विच २ हातात देऊन तुम्हाला आणखी गोंधळात टाकलंय.

माझं उत्तर आधीच सांगतो. थांबू नका. डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन ५ घ्या. मात्र मुलाचे मित्र कशावर खेळतात, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. असं का म्हणतो ते जरा लांबण लावून लिहितो, कारण हा प्रश्न दर पिढीला येतो आणि लोक दर वेळी टेराफ्लॉप्स, म्हणजे चिपची आकडेमोडीची ताकद, मोजत बसतात.

कन्सोलची लढाई ताकदीवर जिंकली जात नाही. २०२० सालचंच घ्या. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप्स, प्लेस्टेशन ५ चे १०.२८. उलट प्लेस्टेशनचा एसएसडी (गेम साठवायची ड्राइव्ह) सेकंदाला ५.५ जीबी वाचणार, एक्सबॉक्सचा २.४. दोघांच्या आत एएमडी कंपनीचीच चिप, दोघांना १६ जीबी मेमरी. लोकांनी यावर महिनोन्‌महिने वाद घातले. प्रत्यक्षात दोन्हीकडे येणारा एकच गेम दोन टीव्हींवर शेजारी शेजारी लावला, तर घरच्यांना फरक ओळखता येत नाही.

त्याआधीची उदाहरणं तर अजून बोलकी आहेत. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला, ४९९ आणि ५९९ डॉलरला. आत सेल प्रोसेसर, ब्लू-रे ड्राइव्ह, कागदावर सगळ्यांत दांडगा. एक्सबॉक्स ३६० वर्षभर आधी २९९ आणि ३९९ डॉलरला आला होता. आणि त्याच नोव्हेंबरात निन्टेन्डोने वी काढला, २४९ डॉलरला. त्याला एचडी चित्रसुद्धा दाखवता येत नव्हतं. वी १० कोटींच्या वर खपला. बाकीचे दोघं साडेआठ कोटींच्या आसपास राहिले. हात हलवून टेनिस खेळता येतं हे आजी-आजोबांना एका मिनिटात कळत होतं. सेल प्रोसेसरवर गेम कसा लिहायचा हे समजून घेण्यात मात्र गेम बनवणाऱ्यांची वर्षं गेली. पुढच्या पिढीत त्याच निन्टेन्डोने वी यू काढला, तो नेमका काय आहे हेच लोकांना समजलं नाही, आणि तो दीड कोटीपर्यंतही पोचला नाही. त्यानंतरचा स्विच १५ कोटींच्या पुढे गेला. एकाच कंपनीचे हे तीन निकाल आहेत आणि तिन्ही वेळा तिचं यंत्र ताकदीत प्रतिस्पर्ध्यांच्या मागेच होतं.

माझ्या मते सगळ्यांत शिकवून जाणारा प्रसंग जून २०१३ चा. लॉस एंजेलिसच्या ई-३ या गेमिंगच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची किंमत सांगितली: ४९९ डॉलर, हालचाल ओळखणारा किनेक्ट कॅमेरा सोबत घ्यायलाच हवा. चोवीस तासांतून एकदा कन्सोल इंटरनेटला जोडावा लागणार आणि विकत घेतलेली डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं, हे त्यांनी काही दिवस आधीच सांगितलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ चे ३९९ डॉलर जाहीर केले आणि डिस्क तुमची, विका, उसनी द्या, जपून ठेवा, असं व्यासपीठावरून सांगितलं. सभागृहात टाळ्या थांबेनात. सोबत सोनीने अर्ध्या मिनिटाहूनही छोटा एक व्हिडिओ टाकला. प्लेस्टेशनवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, तर एक माणूस शेजारच्याच्या हातात डिस्क देतो आणि तो थँक्स म्हणतो. संपला व्हिडिओ. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने इंटरनेटचे आणि डिस्कचे नियम मागे घेतले, पण लोकांच्या डोक्यात जे बसायचं ते बसलं होतं. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांच्या वर गेला. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून कन्सोल किती खपले हे सांगणंच बंद केलं.

ही लढाई अमेरिकेत झाली, पण तिचा खरा अर्थ आपल्याकडे जास्त कळतो. पुण्यात गेमिंग उभं राहिलंय ते डिस्कच्या देवाणघेवाणीवर. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला, ३९,९९० रुपयांना. सोनीच्या नव्या गेमची किंमत तेव्हा ४,९९९ होती. आता हिशोब करा. समजा वर्षाला चार नवे गेम घेतले आणि खेळून झाल्यावर प्रत्येक डिस्क तीन हजारांना विकली. बारा हजार परत आले. दोन मॉडेलमधला दहा हजारांचा फरक पहिल्याच वर्षात फिटला. डिजिटलवाल्याचा गेम त्याच्या खात्यात अडकून राहतो, त्यातून एक रुपया सुटत नाही. शनिवारी संध्याकाळी कर्वे पुतळ्यापाशी दोन पोरं गाड्या बाजूला लावून डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघताना दिसली, तर समजा व्यवहार चाललाय. सोसायटीच्या आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे रोज होतं. तुमच्या मुलाला खिशातल्या पैशांत पाच-सहा गेम खेळायला मिळतील ते याच वाटेने. म्हणून डिजिटल मॉडेल स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

आता मित्रांच्या ‘थांब’ या सल्ल्याबद्दल. पूर्वी हा सल्ला बरोबर असायचा, कारण कन्सोल काळाबरोबर स्वस्त होत असे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ झाला, २००९ मध्ये ९९. चिप दरवर्षी लहान आणि स्वस्त बनत गेली. त्याच कन्सोलचे प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे दोन वेगळे भाग शेवटी एकाच चिपमध्ये आले. आता ते गणित उलटं झालंय. चिप अजूनही लहान होते, पण ती बनवण्याचा खर्च तेवढा उतरत नाही आणि मेमरीचे भाव वर जातात. प्लेस्टेशन ५ ची चिप २०२२ मध्ये ७ नॅनोमीटरवरून ६ वर गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतातली किंमत ४९,९९० वरून ५४,९९० झाली. २०२४ मध्ये स्लिम मॉडेल आलं तेही ५४,९९० लाच. अमेरिकेत २०२५ मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही भाव वाढवले. पाच वर्षं जुनं यंत्र पहिल्या दिवसापेक्षा महाग, असं आधी सहसा झालेलं नाही. थांबून तुमचे पैसे वाचतील याची कुठलीच खूण मला दिसत नाही.

नवी पिढी येणार हे खरंच. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनी २०२५ मध्ये एएमडीबरोबर पुढच्या हार्डवेअरवर काम चालू असल्याचं उघड सांगितलंय. पण पिढीची पहिली दोन वर्षं कशी असतात ते आठवा. भारतात प्लेस्टेशन ५ ची प्री-ऑर्डर काही मिनिटांत संपायची, आणि ज्यांच्याकडे माल होता ते छापील किमतीवर वरचे पैसे मागायचे. बरं, ज्यांना मिळाला त्यांनी काय खेळलं? होरायझन फॉरबिडन वेस्ट, ग्रॅन टुरिस्मो ७, गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक, हे २०२२ चे मोठे गेम प्लेस्टेशन ४ वरही आले. जुन्या यंत्रावरची कोट्यवधी गिऱ्हाइकं सोडून देणं कुठल्याच गेम कंपनीला परवडत नाही. म्हणजे उद्या प्लेस्टेशन ६ आला तरी ५ वर गेम येत राहतील, आणि तुमचा मुलगा बारावी होईपर्यंत त्याला काही कमी पडणार नाही.

एक्सबॉक्सबद्दल भाच्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त जुनं झालंय. सिरीज एस भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला, वर मायक्रोसॉफ्टच्या गेम पास योजनेत महिन्याच्या वर्गणीत ढीगभर गेम. तेव्हा मीसुद्धा लोकांना तो घ्यायला सांगायचो. पण त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणजे वरचा सगळा हिशोब बाद. वर्गणी महाग होत गेली. अमेरिकेत गेम पास अल्टिमेट २०२५ मध्ये एका झटक्यात जवळपास २० डॉलरवरून ३० वर गेला. आणि मायक्रोसॉफ्टची दिशाच बदललीय. ६८.७ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी घेतल्यावर त्यांना आपले गेम सगळीकडे विकायचे आहेत. त्यांचा फोर्झा होरायझन ५ हा गेम प्लेस्टेशनवर आला, हॅलोसुद्धा येणार असं त्यांनीच जाहीर केलं. एक्सबॉक्सवाल्यांना आवडणारे गेम प्लेस्टेशनवर मिळतात, उलट दिशेने फारसं काही जात नाही. मला याचं वाईट वाटतं. स्पर्धक कमजोर झाला की भाव वाढवताना दुसऱ्याला विचार करावा लागत नाही, आणि त्याची किंमत शेवटी आपणच भरतो. पण तुमच्या साठ हजारांचा निर्णय त्यावर होऊ शकत नाही.

स्विच २ यंत्र म्हणून सुंदर आहे. ५ जून २०२५ ला आला आणि चार दिवसांत ३५ लाख खपले. घरात लहान भावंडं असती आणि सगळ्यांनी मिळून खेळायचं असतं, तर मी त्याचाच विचार करा म्हटलं असतं. अडचण यंत्रात नाही, आपल्या बाजारात आहे. निन्टेन्डो कंपनी भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. तपकीर गल्लीत दिसतो तो बाहेरून आणलेला पीस. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. भारतासाठी त्यांचं ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे खातं दुसऱ्या देशाचं काढावं लागतं. मेमरी कार्ड जुनं चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. आणि काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, फक्त किल्ली असते. गेम नेटवरून उतरवायचा. दुकानदार यातलं आपणहून सांगेलच असं नाही.

मित्रांचं जे सुरुवातीला म्हटलं ते आता. नववीतला मुलगा एकटा खेळायला कन्सोल मागत नाही. त्याला रात्री नऊला हेडसेट लावून चौघांबरोबर फुटबॉल खेळायचा असतो. फोर्टनाइटसारख्या गेममध्ये कुठल्याही यंत्रावरचे मित्र एकत्र येतात. पण ईए कंपनीच्या फुटबॉल गेममध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या कन्सोलवरच्यांनी एकत्र खेळणं) एकाच पिढीतल्या यंत्रांमध्ये चालतो: प्लेस्टेशन ५ वाला सिरीज एसवाल्याबरोबर खेळेल, प्लेस्टेशन ४ वाल्याबरोबर नाही. त्याचे मित्र अजून ४ वर असतील तर नवा कन्सोल आणूनही तो एकटाच पडेल. हे त्यालाच विचारा, नावानिशी. शिवाय विकतच्या गेममध्ये ऑनलाइन खेळायला सोनीच्या पीएस प्लसची वर्गणी लागते, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला लागत नाही. ती वर्गणी बजेटमध्ये धरा.

सेकंड हँड घेणार असाल तर घरी जाऊन, टीव्हीला जोडून बघा. चालू झाला एवढ्यावर समाधान मानू नका. एचडीएमआय पोर्ट टॉर्चने बघा, पिना वाकलेल्या नसाव्यात. डिस्क घालून बाहेर काढून बघा, अर्धा तास जड गेम चालवून पंख्याचा आवाज ऐका. कंट्रोलरच्या काड्यांवरचा हात काढल्यावर पात्र आपोआप सरकत असेल तर कंट्रोलरचे पैसे कापून मागा. आणि मुलाच्या खात्याने लॉग-इन करून ऑनलाइन जाऊन बघाच, कारण सोनीने बंदी घातलेला कन्सोल बाहेरून अगदी नव्यासारखा दिसतो. मूळ बिल नसेल तर मी पुढे जात नाही.

घरी आणल्यावरचं थोडं. गुरुवारी मेंटेनन्ससाठी वीज जाते, कन्सोल रेस्ट मोडवर (पूर्ण बंद न करता झोपवून) ठेवला असेल तर बुधवारी रात्री पूर्ण बंद करा. कन्सोल आणि राउटर एका यूपीएसवर ठेवलात तर उत्तम. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर सव्वादोन तासांत उतरतो, ४० च्या लाइनवर साडेपाच तास लागतात. डिस्क असली तरी अपडेट उतरवावे लागतातच. आपल्याकडे शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतंच, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी बाजूचं कव्हर काढून आतली धूळ साठायची भोकं व्हॅक्यूमने साफ करा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात अजिबात ठेवू नका.

दुकानात जाल तेव्हा आजचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, सणाच्या ऑफरमध्ये गेम किंवा जादा कंट्रोलर सोबत मिळतो का बघा, पक्कं बिल घ्या आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. मुलाचे मित्र कशावर खेळतात ते कळलं की इथे लिहा. त्यातले तिघंचौघं प्लेस्टेशन ४ वर निघाले, तर मी वेगळं काहीतरी सुचवेन.