मेटाबॉलिक सिंड्रोम आहे, रोज तासभर चालतो तरी रिपोर्ट हलत नाही. इंटरव्हल ट्रेनिंग करू का?

तुम्ही लिहिलंय: वय 47, राहणं बडोद्यात, कंबर 98 सेंटीमीटर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210, उपाशीपोटी साखर 112, बीपीची गोळी सुरू. हे सगळं एकत्र आलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. वर्षभर रोज सकाळी कमाटी बागेत तासभर चालूनही आकडे जिथल्या तिथे. मुलगा म्हणतो जिम लावा, ‘हिट’ (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) करा. हे या वयात झेपेल का, आणि उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि शुगर-बीपीवाल्यांचा व्यायाम घेणं हेच माझं रोजचं काम. करा, जरूर करा, पण जिमचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. चालता चालताच इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ सावकाश, असं करता येतं.

कमाटी बागेत सकाळी चार-चार जण अख्खा रस्ता अडवून चालतात ते तुम्हीही पाहत असाल (त्यातलेच एक असाल तर रागावू नका). शेअर बाजार, सुनेची नोकरी, अमेरिकेचा व्हिसा, सगळं बोलून होतं आणि एकालाही धाप लागत नाही. सांध्यांना, मनाला ते चांगलंच. पण शरीराला त्या वेगाची महिन्याभरात सवय होते आणि पुढे हृदयाला नवीन काही करावंच लागत नाही. माझ्याकडच्या अशाच एका काकांना मी तीन मिनिटं जोरात चालायला लावलं. निफ्टीचं काहीतरी सांगत होते. दुसऱ्या मिनिटाला वाक्य ‘निफ्टी आज...’वर अडकलं, मग नुसतं ‘निफ्टी’, मग फक्त श्वास. त्यांना म्हटलं, काका, हाच तुमचा वेग. तीन-चार शब्द निघावेत, पूर्ण वाक्य निघू नये. पल्स मोजणारं घड्याळ नसलं तरी अडत नाही.

पद्धत जपानची आहे. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या आसपासच्या लोकांकडून ती पाच महिने करून घेतली आणि 2007 मध्ये निष्कर्ष छापले. तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं रमतगमत, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून किमान चार दिवस. एका वेगाने चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम जास्त वाढला, वरचं बीपीही जास्त उतरलं. आधी पाच मिनिटं सावकाश चाला आणि शेवटीही तसंच. जोरात चालून एकदम बाकावर बसलात तर पायात उतरलेलं रक्त वर यायला वेळ लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिले दोन आठवडे जोराचा भाग एकच मिनिट ठेवा आणि फेऱ्या तीनच. कोपरातून हात वाकवा, पाऊल जरा लांब टाका, टाच आधी टेकवा.

मुलगा म्हणतो ते ‘हिट’ याच्या पुढची पायरी. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या 32 जणांवर 16 आठवड्यांचा प्रयोग झाला, 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला ट्रेडमिलवर चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्या गटाला तेवढ्याच कॅलरी जाळणारा एकसुरी मध्यम व्यायाम. ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पहिल्या गटात 35 टक्के वाढली, दुसऱ्यात 16. इन्सुलिनचा परिणामही पहिल्या गटात जास्त सुधारला. वजन आणि बीपी मात्र दोन्ही गटांत सारखंच उतरलं, हे मुलाला नक्की सांगा. प्रयोग छोटा होता, आणि पुढच्या अभ्यासांत दोन पद्धतींतला फरक दरवेळी इतका ठळक निघालेला नाही. म्हणून तुमच्यासाठी माझं मत: चार-पाच महिने जपानी चालणं, आणि तेवढ्याने काम होत असेल तर पुढे जायची घाई नको.

साखरेवर हे चालतं कसं? जोरात काम करणारा स्नायू स्वतःचा साठा रिकामा करतो आणि मग रक्तातली साखर आत ओढतो, त्या वेळी इन्सुलिनची फारशी वाटही बघत नाही. हा गुण साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका. रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, याने काही साधत नाही.

ट्रायग्लिसराइड 210 एवढ्या चालण्याने उतरेलच असं सांगणार नाही. तो आकडा साखर, मैदा आणि दारू यांनी फुगतो. गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा तो प्रश्न मी विचारत नाही. पण गोड डाळ, चहातली साखर आणि रविवारचे फाफडा-जलेबी विचारते. मराठी घरांतही आता आमटी इथल्यासारखीच गोड होते. आणि बागेतून परतताना सेव-उसळ खात असाल तर आधी तिचा हिशेब करा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या: चालताना छातीत दाब किंवा जबड्यात-हातात कळ येत असेल, घरात कमी वयात हार्ट अटॅक झालेला असेल, किंवा गोळी घेऊनही बीपी 180/110 च्या आसपास जात असेल तर तोवर जोराचा भाग बंद. पुढेमागे साखरेची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन सुरू झालं तर खिशात साखर ठेवून, काही खाऊनच निघा. मे महिन्यात इथे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा सातच्या आत आटपा. आणि नवरात्रात वर्षभर न पळालेली माणसं एकदम तीन-तीन तास गरबा खेळतात, त्यात तुम्ही नको. गरब्याचा ठेका चढत जातो तसा दमही चढत जातो. चार महिने आधीपासून हे चालणं केलंत तर तोही झेपेल.

रक्त पुन्हा तीन-चार महिन्यांनीच तपासा. कंबर मोजताना टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ही सीमा धरतात.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी असेल तर ती नाडीला लगाम घालते. मग 220 मधून वय वजा करून काढलेला नाडीचा कमाल आकडा तुम्हाला लागू नाही आणि त्याच्या मागे धावूही नका. वाक्य तुटतंय की नाही, एवढंच बघा.