वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. सीटीत लिम्फ नोड नॉर्मल आले, म्हणजे पसरलेला नाही ना?

तसं म्हणता येत नाही. लिम्फ नोड म्हणजे बारीक लसिका ग्रंथी; कॅन्सर पसरताना बरेचदा आधी यांच्यात शिरतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि या एका प्रश्नावरून माझं मामेभावाशी अजून धड बोलणं नाही.

मामांना सिग्मॉइड कोलनचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागाचा कॅन्सर. सीटीच्या रिपोर्टात 'नो सिग्निफिकंट लिम्फॅडेनोपथी', म्हणजे नोड विशेष वाढलेले नाहीत. मामेभावानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. ऑपरेशन झालं, बायोप्सी आली: 17 पैकी 2 नोड पॉझिटिव्ह, म्हणजे त्यांत कॅन्सरच्या पेशी. म्हणजे तिसरी स्टेज, केमो. तेव्हापासून तो सीटीवाल्यावर केस टाकायला निघालाय आणि घरातल्या प्रत्येक कार्यात मला साक्षीला ओढतो.

अरे, पण त्या रेडिओलॉजिस्टचा दोष काय? सीटीत नोडचा आकार दिसतो, आतल्या पेशी नाही दिसत. साधारण 1 सेंमीच्या वर गेला, कडा वेड्यावाकड्या असल्या किंवा बरेच नोड एकत्र दिसले, की संशय घ्यायचा. मामांचा पॉझिटिव्ह नोड मसुराएवढा होता. ग्रॉसिंग करताना, म्हणजे काढलेला भाग लॅबमध्ये कापून तपासताना, आतड्याची चरबी बोटांनी चाचपत गेलं की असले नोड हाताला लागतात. उलटही होतं. नुसत्या सुजेनं नोड मोठे होतात, आपल्याकडे टीबीनंही होतात. तेव्हा सीटीत मोठे दिसले म्हणून लगेच रडायला बसू नये. 'पेट स्कॅन करून घ्या' म्हणणारा एक नातेवाईक भेटेलच; एवढ्या बारीक नोडसाठी तोही भरवशाचा नाही.

सीटी हवाच, पण तो मुख्यतः यकृत आणि फुप्फुसं बघायला, आणि गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किती गेलीय ते कळायला. सीटी काहीही म्हणो, सर्जन त्या भागातले नोड आतड्याबरोबर काढतोच. मामेभावाला मी हेच विचारते: मामांचे नोड सीटीत दिसले असते, तर काय वेगळं झालं असतं? तेच ऑपरेशन, तीच केमो. यावर तो विषय बदलतो.

तुम्ही ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात एकूण किती नोड तपासले ते बघा. निदान 12 हवेत. कमी असतील तर उरलेली चरबी पुन्हा तपासायला सांगा. आम्हाला राग येतो, पण करतो.

हां, काही ठिकाणी गाठ बरीच पुढे गेलेली असली तर आता ऑपरेशनआधी केमो देतात, तिथे सीटीच्या वाचनाला जास्त वजन येतं. आणि गाठ रेक्टममध्ये (गुदाशयात) असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे एमआरआय लागतो. हे तुमच्या सर्जनलाच विचारा, मी तुमच्या वडिलांचे कागद पाहिलेले नाहीत.